सापाला किती द्यायचं, केव्हा द्यायचं

कास्तेलरूवो,
२३ मार्च १९५७

प्रिय पानफिलो,

पोचलास का नीट? गाडीत बसायला जागा मिळाली का, मी बांधून दिलेलं चीज तू खाल्लंस की डब्यात वाटून टाकलंस, हे सगळं सावकाश लिही. आधी मला एवढं सांग, की तुझ्या सापाला खायला किती द्यायचं आणि किती दिवसांनी द्यायचं.

एकोणीस तारखेला, सान जुझेप्पेच्या सणाच्या दिवशी, तू त्याला वरच्या दगडांतून पकडून आणलंस, रांजणात कोंडा भरून आत सोडलंस, तोंडाला फडकं बांधलंस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक उचलून बसकडे पळालास. जाताना म्हणालास, "ताई, बघ जरा त्याच्याकडे." बघतेय. चार दिवस बघतेच आहे. तोही माझ्याकडे बघतो. पुढे काय?

मला काय ठाऊक असणार? बाबा त्याला खायला द्यायला बसले की मला पाणी आणायला पिटाळायचे. नंतर तू मोठा झालास आणि तूही तेच करायला लागलास. तुम्हा दोघांचं गुपित राखायला मी या घरात इतकं पाणी वाहिलंय, की संताच्या मूर्तीला वर्षभर आंघोळ घालता आली असती. आता गुपित ठेवणारा एक मातीत आणि दुसरा बेल्जियमच्या खाणीत, आणि रांजण माझ्या चुलीशेजारी.

बेरार्दिनो मला विहिरीपाशी भेटला. दोन मेच्या उत्सवाला संताची मूर्ती चर्चबाहेर आली की तिच्या अंगावर पहिला साप आपल्या घराचा चढतो आणि दुसरा त्याच्या घराचा, हे त्याने मलाच समजावून सांगितलं, जणू मी काल या गावात आले. मग म्हणाला, पानफिलो नसला तर पहिला माझा, बरं का लोरेता. त्याची बायको जुस्तीना बाजूला कपडे पिळत होती, तीही हसली.

म्हणून विचारते. संताला न्यायचा साप शेवटचे तीन आठवडे उपाशी ठेवायचा, एवढं मला कळतं. पोटात काही असलं आणि हाताळला तर ओकतो, आणि संताच्या अंगावर ओकला तर त्या घराने तोंड लपवायचं. पण तू येणारच नसशील, तर त्या मुक्या जिवाला उपाशी कशाला ठेवू? मग पोटभर खाऊ घालते आणि जिथून आणलास तिथे सोडून येते. येतोयस की नाही, हे कळलं की मला पुढचं ठरवता येईल. तू म्हणाला होतास उत्सवाला येणार. पण ते तू ट्रंक बांधताना म्हणालास, माझ्याकडे पाठ करून.

जेवण नीट करत जा.

तुझी ताई,
लोरेता


शार्लरुआजवळून,
१ एप्रिल

ताई,

मी ठीक आहे. काम ठीक आहे. खाली काळोख आणि ऊब, वर काळोख आणि पाऊस.

सापाचं कागदावर कसं लिहू? आपलं टपाल कारमेलाच्या हातून जातं आणि ती पाकिटं किटलीच्या वाफेवर धरते, हे तुलाही ठाऊक आहे. सकाळी आलेलं पत्र दुपारपर्यंत बेरार्दिनोला तोंडपाठ होईल. बाबांनी जाताना माझ्याकडून शब्द घेतलाय, की ही गोष्ट घराबाहेर जाणार नाही. तेव्हा बाबा द्यायचे तसंच दे आणि तेवढंच दे.

येण्याचं म्हणशील, तर मुकादम म्हणतो बघू.

बराक सोडली. एका खोलीत अठरा जण, कपडा कधी वाळायचा नाही. आता एका घरी राहतो. घरमालकीण विधवा आहे, ओदील नावाची. तिचा नवरा काँगोत नोकरीला होता, तिथून अजगर घेऊन आला, काचेच्या पेटीत ठेवला आणि गेल्या वर्षी स्वतः वारला. अजगर आहे म्हटल्यावर कोणी खोली घ्यायला तयार होईना. मी म्हटलं, मला चालेल. माणसांपेक्षा कमी घोरतो. तिलाही तुझ्यासारखंच कोडं पडलं होतं, किती द्यायचं आणि केव्हा द्यायचं. रोज थोडं थोडं मांस टाकायची, ते पेटीत कुजून जायचं. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही, पण अजगराचं जमतं.

काळजी करू नकोस.

पानफिलो


कास्तेलरूवो,
८ एप्रिल

पानफिलो,

बाबा द्यायचे तसं दे म्हणे! अरे, मी तेव्हा विहिरीवर होते. विहिरीवरून बाबांचे हात दिसत नाहीत.

आता काय काय केलं ते ऐक आणि पोटभर हस. पाव सूपमध्ये भिजवून ठेवला, त्याने पाहिलंही नाही. चीज ठेवलं, त्याला मुंग्या आल्या. अंडं उकडून, सोलून, वर मीठ भुरभुरून ठेवलं. मीठ कशाला, असं विचारू नकोस, हाताला सवय असते. तेही तसंच राहिलं. शेजारची जेल्सोमिना म्हणाली दूध दे, तिच्या गाईचं दूध दरवर्षी कुठलातरी साप पिऊन जातो. ठेवलं, तर ते मांजर पिऊन गेलं. शेवटी पिंजऱ्यात सापडलेला एक उंदीर जिवंतच सोडला. दोन दिवसांनी फडकं सोडून बघते तर साप एका बाजूला वेटोळं करून पडलेला आणि उंदीर दुसऱ्या बाजूला बसून कोंडा खातोय. आधीपेक्षा गुबगुबीत दिसला. ती तुझी बाई रोज मांस टाकायची हे वाचून बरं वाटलं, जगात मी एकटीच मूर्ख नाही म्हणायची.

हसून झालं असेल तर आता पुढचं वाच. कालपासून त्याचे डोळे दुधाळ झालेत, वर निळसर झाक आली आहे. अंगावरची चमक गेली. बोट पुढे नेलं तर चमकून मागे होतो, त्याला दिसत नसावं. आंधळा झाला का? माझ्या हातून मेला तर? तुझ्या घराचा साप तुझ्या बहिणीने मारला, असं गाव म्हणेल, आणि तू काही म्हणणार नाहीस, ते मला जास्त लागेल.

येत्या गुरुवारी उत्सवाला तीन आठवडे उरतात. द्यायचं तर या तीन दिवसांत, नाहीतर बंद. येतोयस का? मुकादमाचं "बघू" मला सांगू नकोस. मी मुकादमाला विचारत नाही, तुला विचारते.

लोरेता


शार्लरुआजवळून,
१४ एप्रिल, रविवार

ताई,

घाबरू नकोस. डोळे निळे झाले म्हणजे कात टाकणार. त्याला हात लावू नकोस, काही देऊ नकोस. रांजणात एक खरखरीत दगड ठेव, अंग घासायला. कात टाकली की त्याला भूक लागेल. मग एक अंडं दे. कच्चं, कवचासकट, लहानसं. उकडून नको ग! एवढं तर बेरार्दिनोलाही ठाऊक आहे, कारमेलाने खुशाल सांगावं.

हसलो खरा. ओदीलला हातवारे करून सांगितलं, तर मिठाचं कळल्यावर तीही डोळे पुसायला लागली. इथे काल मी अजगराला ससा दिला. आधी पेटीशेजारी दिवा ठेवून ती उबदार केली, मग ससा लांब चिमट्यात धरून हळूच हलवला. ओदील आधी दाराआडून बघत होती. मग आत आली. मग खुर्ची ओढून बसली. त्याने घेतला तेव्हा तिने माझं मनगट घट्ट धरलं. आता महिनाभर त्याला काही नको. पुढचा ससा पंधरा मेला. तेव्हा चिमटा ती धरणार म्हणते, मी फक्त झाकण धरायचं.

सुट्टीचं अजून कळलं नाही. खाली दिवस कळत नाहीत आणि वर आलो की झोप येते. आज कुठला वार आहे, तेही ओदीलला विचारून लिहिलं.

पानफिलो


कास्तेलरूवो,
१९ एप्रिल, शुभ शुक्रवार

पानफिलो,

तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि दर वेळी वेगळंच काहीतरी कळलं. डोकं चालेनासं झालंय.

कात टाकली. बुधवारी सकाळी फडकं सोडलं तर शेपटीपासून डोळ्यांपर्यंत अख्खी कात कोंड्यात पडलेली, आणि हा नव्या लोखंडासारखा चकचकीत. मला रडूच आलं. मेला नाही म्हणून.

आता अंड्याचं. कात टाकली की अंडं दे, असं तू लिहितोस. अरे, उपासाचे तीन आठवडे लागून आठ दिवस झाले. आता दिलं तर तो संताचा राहत नाही. हे मी तुला सांगू? ज्या रविवारी तू हे पत्र लिहिलंस, त्या झावळ्यांच्या रविवारी आम्ही ऑलिव्हच्या फांद्या हातात घेऊन चर्चला फेरी घातली. तुझी फांदी तुझ्या पलंगाच्या डोक्याशी खोवून ठेवली आहे. आणि तू वार दुसऱ्याला विचारून लिहितोस.

एकदा वाटतं, तू दिवस विसरलास आणि म्हणून अंडं दे म्हणालास. मग वाटतं, पानफिलो दुसरं काहीही विसरेल, हे विसरणार नाही. तेव्हा हा येणार नाहीये, तसं लिहायला हात धजत नाही, म्हणून बहिणीला म्हणतो साप खाऊ घाल. म्हणजे ती समजेल आणि आपल्याला बोलावं लागणार नाही. लहानपणी दूध सांडलंस की तू असंच करायचास. सांडलं म्हणायचा नाहीस, मांजर हाकलत बसायचास.

मग पंधरा मेचा ससा आठवतो. दोन मेला इथे आणि पंधराला तिथे, असं होऊ शकतं, मी बोटांवर मोजून पाहिलं. पण मग वाटतं, उत्सवाचा दिवस याला आठवत नाही आणि सशाचा दिवस तोंडपाठ आहे. आणि ती बाई खुर्ची ओढून बसली, हे तू मला का लिहिलंस तेही कळत नाही. वाईट लिहिलंस असं म्हणत नाही. का लिहिलंस ते कळत नाही, एवढंच.

फादर वेनान्झिओंना विचारलं. ते म्हणाले, लोरेता, थांब. थांबायचं तर थांबते, मला दुसरं येतं काय? आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि मी वीसची, तेव्हापासून तुझी वाटच बघतेय, कधी शाळेतून, कधी लढाईतून.

एक अंडं फळीवर काढून ठेवलंय. तीस तारखेच्या सकाळपर्यंत बघते. तोवर "येतो" असा एक शब्द आला, तर साप उपाशी राहील. नाही आला तर अंडं देते, आणि मला उत्तर मिळालं असं समजते.

लोरेता


कास्तेलरूवो,
३० एप्रिल, सकाळ

पानफिलो,

दिलं.

काल बस आली तेव्हा मी कारमेलाच्या खिडकीशी उभी होते. काही नाही, म्हणाली. तिला स्वतःलाच वाईट वाटलं, वाचायला काही मिळालं नाही म्हणून असेल. आजची बसही आली, पाव उतरवून खाली उभी आहे. तुझं काही नाही.

फळीवरचं अंडं अकरा दिवसांचं झालं होतं. शिळं देववेना, म्हणून लाल कोंबडीखालून ताजं काढलं, गरम होतं अजून. रांजणाचं फडकं सोडलं आणि त्याच्यापुढे ठेवून दिलं. दार लावून घेतलं आणि स्टुलावर बसले. मला कोणी पाणी आणायला पाठवणार नव्हतं.

त्याने जीभ काढली, अंड्याभोवती एक फेरी मारली, मग जबडा असा काही उघडला की मी स्टुलासकट मागे सरकले. इतक्याशा डोक्यात एवढं अंडं जाईल, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेडा म्हटलं असतं. गेलं. हळूहळू गेलं. गळ्याखाली फुगीर दिसत होतं. त्रेपन्न वर्षांची झाले, सापवाल्याची मुलगी, सापवाल्याची बहीण, आणि आपल्या घरात हे असं होतं ते आज बघितलं. बघण्यासारखं होतं. मला बाहेर काढण्यासारखं त्यात काय होतं, ते मात्र समजलं नाही.

चार दिवस त्याला जिरू देते, मग दगडांत नेऊन सोडते. बेरार्दिनोला अजून सांगितलं नाही, गुरुवारी आपोआप कळेल. तू येणार नाहीस हे मी आता धरून चालते. राग नाही.

ते शेवटचं खोटं लिहिलं. राग आहे. पण बस सुटायला आली, पत्र देते.

लोरेता


तार
शार्लरुआ, २९ एप्रिल, रात्री दिलेली
कास्तेलरूवोला पोचली ३० एप्रिल, दुपारी

बुधवारी संध्याकाळी येतो. साप तयार ठेव. पानफिलो


कास्तेलरूवो,
७ मे

पानफिलो,

तू गेल्याला चार दिवस झाले आणि मी अजून त्या गुरुवारातच अडकून पडले आहे. काय झालं ते कोणी तरी मला सांगा. तू सांग, म्हणजे बरं.

आधी माझं पाप सांगते. तू उचललास त्या सापाच्या पोटात अंडं होतं. मी दिलं होतं, तार यायच्या चार तास आधी. तसं पत्रही लिहिलं होतं. तू इथे येत होतास तेव्हा ते तिकडे निघालं, आता तुझ्या खोलीच्या दाराशी पडलं असेल. तार हातात आली तेव्हा मी रांजणापाशी गेले आणि त्याला म्हटलं, टाक रे बाबा, टाक बाहेर. तो ढिम्म.

बुधवारी तू बसमधून उतरलास, केवढा फिकट झालास, आणि मला सांगायचं सुचलं नाही. तुला तीन ताटल्या सूप वाढलं आणि तीनदा तोंड उघडलं. तूही दोनदा चमचा खाली ठेवून "ताई" म्हणालास आणि मग "मीठ दे" म्हणालास. तू रांजणाकडे उठलास तेव्हा मी म्हटलं, राहू दे, आज त्याला त्रास नको. मनात म्हटलं, दोन दिवसांत जिरेल. सकाळी तू बूट घालत होतास तेव्हा त्याला पिशवीत मीच घातलं, तुझा हात लागू नये म्हणून. खोट्यावर खोटं करत गेले. असं मी कधी केलं नव्हतं.

मग संत बाहेर आला. सगळे थांबले. तू पिशवी सोडलीस, त्याला दोन्ही हातांवर घेतलंस आणि तसाच उभा राहिलास. मला वाटलं आता चढवणार. तू मान वळवून गर्दीत मला शोधलंस, माझ्याकडे पाहिलंस. मग त्याला परत पिशवीत घातलंस आणि चढाने दगडांकडे चालायला लागलास. घंटा वाजत होत्या. बेरार्दिनोला आधी कळलंच नाही, कोणीतरी ढकललं तेव्हा तो पुढे झाला आणि त्याचा साप पहिला चढला.

गावाने काय काय म्हटलं ते सांगते. जुस्तीना म्हणाली, तिकडे जाऊन बिचकायला लागलाय. कारमेला म्हणाली, बेल्जियममध्ये त्याने धर्म सोडला. जेल्सोमिना म्हणाली, सापानेच त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मी कोणाला काही सांगितलं नाही. अंड्याचं सांगितलं असतं तर सगळं माझ्यावर आलं असतं, आणि ते तुझ्यावर जात होतं, आणि मी गप्प बसले. हेही लिहून ठेवते.

संध्याकाळी तू आलास, पिशवी रिकामी होती. जेवलास. माझ्या डोक्यावर हात ठेवलास, जसा मी तुझ्या ठेवायची. शुक्रवारी सकाळच्या बसने गेलास. मला एक शब्दही बोलला नाहीस. पानफिलो, मला शिव्या दे. आपल्या घराची पहिली जागा माझ्यामुळे गेली. तू गप्प राहिलास की मला कळत नाही मी किती वाईट केलंय.

लोरेता


शार्लरुआजवळून,
१५ मे

ताई,

तुझं तीस तारखेचं पत्र दाराशीच होतं. पण मला त्याची गरज नव्हती. साप हातावर घेतला आणि कळलं. वजन मधे येतं, आणि तिथे हाताला गोळा लागतो. बाबांनी मला आधी तेच शिकवलं होतं, डोळे बांधून.

तुझ्यावर रागावलो नव्हतो. ताईने याला खाऊ घातलं, म्हणजे मी येणार नाही हे ताईने धरलं होतं. आणि ताईचं बरोबर होतं. मी उत्सवाला आलो, पण यायला म्हणून आलो नव्हतो. सांगायला आलो होतो. मी इथेच राहणार. ओदील आणि मी ऑक्टोबरमध्ये लग्न करतोय. बुधवारी सूप पिताना दोनदा सांगायला गेलो आणि मीठ मागितलं.

तुझं एकोणीस तारखेचं पत्र मिळेपर्यंत, खरंच सांगतो, मला उत्सवाचे दिवस मोजायचे सुचलेच नव्हते. अंडं दे म्हटलं ते साधं अंडं दे म्हटलं होतं, त्याच्यामागे काही नव्हतं. पण तू जे वाचलंस ते खरं निघालं. मला ठाऊक व्हायच्या आधी तुला ठाऊक झालं. त्याची मला लाज वाटली. मग मुकादमाच्या पाया पडून सुट्टी मागितली, ती एकोणतीसला मिळाली.

तो साप चढवला असता तर ओकला असता, आणि अंडं बघून सगळ्यांनी तुझ्याकडे बोट दाखवलं असतं. माझ्याकडे दाखवू दे, मी तिथे राहत नाही. वर दगडांत त्याच्याजवळ दिवस मावळेपर्यंत बसलो. घंटा ऐकू येत होत्या. रडलो. घराचा पहिला साप माझ्या हातून चुकला आणि पुढच्या वर्षी चढवायलाही मी नसणार.

आता तू विचारलेलं सांगतो. बाबांना दिलेला शब्द मोडतो. कारमेला, तूही वाच, चष्मा लावून वाच.

पकडून आणल्यावर पाच-सहा दिवस काहीच द्यायचं नाही, त्याला जागेची सवय होऊ द्यायची. मग दहा दिवसांतून एकदा. एक लहान अंडं किंवा कबुतराची दोन, नाहीतर एक मेलेला उंदीर, ताजा. त्याच्या अंगाच्या जाडीपेक्षा फार मोठं नको. रांजण चुलीच्या उबेला पाहिजे, थंडीत खाल्लेलं जिरत नाही, पोटात सडतं. डोळे निळे झाले की बंद. नाही घेतलं तर संध्याकाळी काढून घ्यायचं, आठवडाभर पुन्हा विचारायचं नाही. त्याला लहान मूल समजू नकोस, उपाशी राहणं त्याला येतं. खाल्ल्यावर पाच दिवस हात लावायचा नाही. पाणी मात्र नेहमी पाहिजे. शेवटचे तीन आठवडे रिकामं पोट, ते तुला ठाऊकच आहे.

आणि आपल्या घराचं गुपित. अंडं कोंबडीखालून गरम गरम काढायचं आणि तसंच द्यायचं, पुसायचं धुवायचं नाही. पिसांच्या वासाला तो येतो. बस्स, एवढंच. बाकी घरांत फळीवरचं थंड अंडं देतात आणि मग साप घेत नाही म्हणून रडतात. तू ते कोणी न सांगता केलंस. एवढ्याशासाठी आम्ही तुला इतकी वर्षं बाहेर काढलं. बाबांचं चुकलं आणि मग माझंही चुकलं.

आज सशाचा दिवस आहे. ओदील हाका मारतेय.

तुझा,
पानफिलो


कास्तेलरूवो,
१० एप्रिल १९५८

प्रिय पानफिलो,

पलंगपोस ओदीलला आवडला हे वाचून बरं वाटलं. लग्नाला आले नाही याचा राग सोड. एवढ्या लांब जाऊन मी काय केलं असतं, तुझ्या सासरच्यांशी हातवारे? तिला सांग, की पुढच्या उन्हाळ्यात इकडे या. अजगर घरी ठेवून या.

तुला सांगायला उशीर केला, कारण होईल की नाही याची मलाच खात्री नव्हती. सान जुझेप्पेच्या दिवशी मी वरच्या दगडांत गेले. पहिले दोन निसटले. एकाने अंगठ्याला चावा घेतला, विष नसतं म्हणून बरं, रक्त आलं, पण खरं सांगू का, आनंदच झाला. तिसरा धरला. तुझ्यापेक्षा लहान आहे, म्हणजे तुझ्या सापापेक्षा. रांजण तोच.

सापवाल्यांची सभा भरली. बेरार्दिनो म्हणाला, बाईने कधी चढवला नाही. फादर वेनान्झिओ म्हणाले, तसा नियम संताने केलेला मला कुठे सापडला नाही, तुम्हाला सापडला असेल तर दाखवा. शेवटी ठरलं, लोरेताने शेवटचा चढवावा, सगळ्यांच्या मागून. चालेल म्हटलं. जुस्तीना सभेनंतर माझ्यामागे आली आणि हळूच विचारलं, त्यांचा साप पंधरा दिवस काही घेत नाही, काय करावं? कारमेलाने तुझं पत्र वाचलं नसावं, किंवा वाचून पहिल्यांदाच पोटात ठेवलं. मी जुस्तीनाला सांगून टाकलं, अंडं गरम दे, धुऊ नकोस. ती तशीच कोंबड्यांकडे पळाली.

एक गोष्ट विचारायची आहे. तू दहा दिवस म्हणतोस. याने पहिलं अंडं घेतलं आणि आठव्याच दिवशी रांजणाच्या तोंडाशी येऊन फडक्याला डोकं लावायला लागला. तुझं ऐकू की त्याचं, कळेना. दोन तास विचार केला आणि दिलं. त्याने घेतलं. पुढचं त्यानंतर दहाव्या दिवशी देणार होते, पण आज दहा एप्रिल, उद्यापासून उत्सवाला तीन आठवडे, आता बंद. पोट हाताने चाचपून पाहिलं. डोळे मिटून. रिकामं आहे असं वाटतं. पुन्हा उद्या बघेन.

तू येणार का, हे या वर्षी मी विचारत नाही. गेल्या वर्षी साप उपाशी ठेवला तो तुझ्यासाठी ठेवला होता. हा माझ्यासाठी ठेवलाय.

तुझी ताई,
लोरेता